पालीचं डोकं

विजेच्या बिलाची कोरी बाजू समोर घेऊन
मी आकडे मांडते. तीन हजार पेसो.
त्यातले चारशे आधीच गॅसने खाल्लेत.
ट्रायसिकल धुता धुता रोडेल विचारतो,
"हॉलवाले किती म्हणाले?"
अठरा हजार. जोकर, केक
आणि मागे लावायचा फ्लेक्स धरून.
तो नळ बंद करतो. मग पुन्हा सोडतो.
ठरलं. घरीच.

टीव्हीतला एकच जण गानीला आवडतो,
कप्तान टुको, पिवळ्या टोपीची हिरवी पाल.
आवडतो म्हणजे, तो आला की गानी जेवतो.
एक वर्षाच्या माणसाची आवड
आपण घासांवरूनच मोजायची.

इलोइलोच्या बाजारात टुकोच्या छापील प्लेटा
दहाला दोनशे चाळीस.
हातात घेतल्या, उलटून पाहिल्या, ठेवल्या.
दुकानदारीण ओळखीची नव्हती हे बरं.
केळीची पानं डेलियाच्या परसात फुकट आहेत,
आणि पाल पानावर बसली
तर कोण खोटं म्हणणार?

केकऐवजी पुतो, तांदळाचे, वाफेवरचे,
पांदानच्या रसाने हिरवे केलेले.
डोळ्यांना मनुका.
पहिल्या घाण्यातल्या पाली तिरळ्या झाल्या,
दुसऱ्या घाण्यातल्या दचकलेल्या.
पान्सितमध्ये मात्र हात आखडायचा नाही.
शेवया लांबच हव्यात, मोडायच्या नाहीत,
पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

डोकं मी केलं.
फुग्यावर रद्दी, मैद्याची खळ, तीन रात्री.
रंगाचे दोन हात दिले तरी
एका गालावर तांदळाचा भाव वाचता येत होता.
रोडेलने घालून पाहिलं, कानांवर अडलं.
त्याच्या भावाच्या तर कपाळावरच.
मोठा फुगा बारा पेसोंनी महाग होता,
म्हणून मी लहान घेतला होता.
कुणाला सांगितलं नाही.

मनात पाल चुकचुकली,
आणि कपाटामागची खरीही.
आम्ही सगळे गप्प बसून तिचे टुको मोजले,
होईल, नाही, होईल, नाही, होईल,
नाही.
सहावर थांबली.
"तिचं गणित कच्चं आहे," तिया पासिंग म्हणाली,
"आण इकडे."

बसलं. बेतून शिवल्यासारखं.
"सत्तरीत डोकं आटतं," ती आतून म्हणाली.
चाळीस वर्षं मासळी विकलेला आवाज
काही आटला नव्हता.

शनिवारी चार वाजता
तेवीस माणसं, चौदा खुर्च्या,
चॅपेलमधून मागून आणलेली ताडपत्री,
आणि दारातून, हिरवा रेनकोट घालून,
कप्तान टुको.
डेलियाचा नातू किंचाळून टेबलाखाली गेला.
मी गानीला उचलायला वाकले.

तो रांगत निघालाही होता.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात.
बाळाला काय दिसतं ते कुणी म्हणत नाही.
त्याचं जग घोट्यांपर्यंतच उंच आहे.
बापाची ग्रीस भरलेली नखं त्याने ओलांडली,
पाहुण्यांचे बूट ओलांडले,
आणि एका चपलेपाशी थांबला,
डावा पट्टा तांब्याच्या तारेने बांधलेला,
टाचेच्या भेगेत चमकता एक खवला.
त्याने तार धरून ओढली,
रोज सकाळी ओढतो तशी.

मग वर पाहिलं.
हिरवं डोकं, पिवळी टोपी, गालावर तांदूळ.
पुन्हा खाली पाहिलं, खात्री करून घेतली,
आणि घासासाठी तोंड उघडलं.

तिया पासिंगला आतून काही दिसत नव्हतं.
पुतो आधी त्याच्या नाकाला लागला,
मग कानाला.

रात्री बिलाच्या पाठीवर हिशेब केला.
एकशे साठ वर गेले.
अंथरूण पाहून पाय पसरा म्हणतात,
आमचे तळवे तेवढे बाहेर राहिले.
रोडेल खुर्च्या परत करून आला,
तेराच, एक कुठे गेली कळेना.
डोकं फ्रिजवर ठेवलंय.
कपाटामागून पुन्हा आवाज येतोय,
आज कुणी मोजत नाही.